मा. शो लावणारे साहेब यांस



आपलं नाव मला माहीत नाही. तिकीटखिडकीवरच्या मुलापासून टॉर्चवाल्यापर्यंत कुणालाही विचारलं, तरी तो बोट वर करतो आणि म्हणतो, ‘शो वरून लागतात.’ वर म्हणजे मुंबईत की त्याहून वर, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे पत्र उघडंच लिहिते आहे.

मी समीक्षक नाही. पिक्चर बघते. नाशकात राहते, नोकरी करते, शुक्रवारची पुरवणी शनिवारी चाळते आणि रविवारी जमलं तर जाते. पटकथेची बांधणी, कॅमेऱ्याची भाषा वगैरे मला कळत नाही. तरीही यंदाच्या, म्हणजे 2023च्या चैत्रापासून या अधिक श्रावणापर्यंत लागलेल्या पिक्चरांबद्दल माझी बरीच मतं झाली आहेत. ती घडवण्यात आपला वाटा इतका मोठा आहे, की आभार मानले नाहीत तर कृतघ्नपणा होईल. कोणता पिक्चर बघायचा हा घोळ आमच्या घरात पूर्वी दोन-दोन दिवस चाले. आता आपण मराठी पिक्चर सकाळी पावणेदहाला आणि रात्री पावणेअकराला लावता, आणि निर्णय आपोआप होतो.

सुरुवात चांगली झाली होती. 7 एप्रिलला ‘घर बंदूक बिरयानी’ आला. नागराज मंजुळे पोलीस, सयाजी शिंदे डाकू आणि आकाश ठोसर बिरयानी करणारा पोरगा. पिक्चर मध्येच जंगलात वाट चुकतो आणि बराच वेळ तिथेच हिंडतो. पण सयाजी शिंदे पडद्यावर असले की मला वाट सापडण्याची घाई नसते. नागराजचं नाव जोडलेलं असल्यामुळे असेल, पण संध्याकाळचा खेळ मिळाला. त्याच्या ‘सैराट’ची पुण्याई अजून शिल्लक आहे म्हणायची. पुढे 21 तारखेला ईदचा सलमान आला, ‘किसी का भाई किसी की जान’. लांब केसांचा सलमान आणि केस कापलेला सलमान, असे एका तिकिटात दोन. त्याबद्दल माझं मत एवढंच, की तो कोणत्याही वेळेला बघता येत होता. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला, रात्री. मत बनवायला इतकी मोकळीक मला दुसऱ्या कुठल्याच पिक्चरने दिली नाही.

आता 28 एप्रिलकडे वळते. त्या दिवशी केदार शिंदेंचा ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि भाऊराव कऱ्हाडेंचा ‘टीडीएम’ एकदमच आले, आणि जोडीला मणिरत्नमचा ‘पोन्नियिन सेल्वन 2’. साहेब, मुहूर्त बघा. 30 एप्रिल ही दादासाहेब फाळक्यांची जयंती. त्यांचं जन्मगाव त्र्यंबक आमच्या नाशिकच्या शेजारीच. 1 मे महाराष्ट्र दिन. 3 मे 1913ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तो दिवस. मराठी पिक्चरला यापेक्षा शुभ आठवडा पंचांगात शोधून सापडायचा नाही. याच वर्षी राज्यगीत झालेलं गाणं ज्यांच्या आवाजात आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो, त्या शाहीर साबळ्यांच्या आयुष्यावर त्यांच्याच नातवाने केलेला पिक्चर आपल्या हाती आला होता. शाहिरांची भूमिका करणाऱ्या अंकुश चौधरीकडून माझी फारशी अपेक्षा नव्हती. त्याने मला खोटं पाडलं. अजय-अतुलचं मधुमासाचं गाणं तर आमच्या हापिसातल्या शिपायापासून व्यवस्थापकांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर नाचत होतं. पिक्चरमध्ये दोष आहेतच. आयुष्यातला कुठलाच प्रसंग सुटू नये म्हणून दिग्दर्शक धावतो, आणि उत्तरार्धात तर मला सत्काराच्या मानपत्राचं वाचन ऐकल्यासारखं वाटलं. नातवाला आजोबांचं काहीच गाळवेना, हे मी समजू शकते. पण मानपत्र ऐकायलाही माणूस संध्याकाळी मोकळा असावा लागतो.

‘टीडीएम’ची गोष्ट याहून सुरस. ‘ख्वाडा’ आणि ‘बबन’ करणाऱ्या माणसाचा पिक्चर, नायक-नायिका नवे कोरे. शो मिळेनात म्हणून ही मंडळी थिएटरातच प्रेक्षकांसमोर रडली आणि त्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. तो रडण्याचा व्हिडिओ मी फोनवर मध्यरात्री, पहाटे, बसमध्ये, हवा तेव्हा पाहू शकत होते. पिक्चर मात्र कुठे दिसेना. शेवटी त्यांनी तो काढून घेतला आणि जूनमध्ये पुन्हा आणला, तेव्हा मी पाहिला. खरं सांगू? मला मध्यमच वाटला. भाषा रांगडी आणि खरी, पोरं जीव तोडून काम करतात, पण गोष्ट रेंगाळते. आता गंमत अशी, की हे मत बनवायला मला पिक्चर बघावा लागला. आपलं मत त्याआधीच तयार होतं. म्हणून म्हणते, या हंगामातले सर्वश्रेष्ठ समीक्षक आपणच. पुरवणीतला माणूस तीन तारे, साडेतीन तारे असा चाचपडत बसतो. आपण एका आकड्यात निकाल देता: 9.45.

‘अहो बाई, सरकारचा नियम पाळतोच की आम्ही,’ असं आपण म्हणाल. खरं आहे. मल्टिप्लेक्सने मराठी पिक्चर प्राइम टाइमला दाखवावा, असं 2015मध्ये सरकारने ठरवलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग बोलणी झाली, आणि दुपारी 12 ते रात्री 9 असा प्राइम टाइम निघाला. दुपारच्या साडेबाराला प्राइम म्हणणारं सरकार आणि ते ऐकून मान डोलावणारे आपण, दोघांचंही कौतुक वाटतं. त्या वेळेला माझ्यासमोर डबा असतो, त्यात कोबीची भाजी असते, आणि प्राइम असं तिच्यात काही नसतं. पंगतीला सगळ्यांना बसवून झाल्यावर उरल्या पाटावर घरच्याच माणसाला बसवावं, तसं हे मराठी पिक्चरचं पान. घरचा आहे, तो कुठे रुसणार!

जूनमध्ये आपला खरा भक्तिभाव दिसला. त्याआधी, महिन्याच्या सुरुवातीला, ‘जरा हटके जरा बचके’ आला. इंदूरचं एक जोडपं, एकत्र कुटुंबात खोली मिळेना म्हणून सरकारी योजनेतल्या घरासाठी कागदोपत्री घटस्फोट घेतं. बरा होता. लहान घरात वाढलेल्या माणसाला हसता हसता ठसका लागेल असा. एका तिकिटावर एक फुकट होतं, म्हणून शेजारणीला नेलं आणि तिलाही आवडला. फुकट असल्याने तिला थोडा जास्त आवडला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आपलाच, त्याने पूर्वी मराठीत ‘टपाल’ केला होता. तो आपण किती वाजता लावला होता, हे आता आठवणार नाही. त्याच आठवड्यात स्पायडरमॅन चक्क मराठीत बोलायला आला! न्यूयॉर्कच्या पोराने मराठी शिकायचे कष्ट घेतले, पण आमच्याकडे तो कुठल्या पडद्यावर बोलला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक सकाळी लवकर बोलून गेला असावा.

आणि मग 16 जून. ‘आदिपुरुष’. साडेसहाला, सातला, सव्वासातला, पाऊण तास थांबा, आठला. दिग्दर्शक ओम राऊत मराठी, हनुमान झालेले देवदत्त नागे मराठी, म्हणजे मराठी माणसाला प्राइम टाइम मिळतच नाही या आरोपाला आपण एका फटक्यात उत्तर दिलंत. त्यातून प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमंतासाठी राखून ठेवायची, असं निर्मात्यांनी जाहीर केलं. मला ही कल्पना मनापासून आवडली. चिरंजीव असल्यामुळे हनुमंताला सकाळी पावणेदहाचा खेळही चालला असता, तरी त्यांना संध्याकाळची खुर्ची मिळाली. कऱ्हाडेंच्या पोरांना हे आधी सुचलं असतं तर!

पिक्चर पाहिला. काळ्याठिक्कर लंकेत बराच वेळ गेला, इतका की सोन्याची होती हे मी विसरले. रावणाची दहा डोकी पाच वर आणि पाच खाली अशी दोन मजल्यांवर बसवली होती. सैफ अली खान मन लावून खलनायकी करत होता, पण कोणत्या डोक्याकडे बघावं हे कळेना. लंकादहनाच्या वेळी हनुमंत जे बोलले, ते आमच्या कॉलनीतल्या कट्ट्यावरची पोरं आजी-आजोबा जवळपास नसताना बोलतात. संवाद बदलले म्हणे नंतर. पुढच्या आठवड्यात तिकीटही 150 रुपयांवर आलं. तरी शो होतेच. माणसं नव्हती, शो होते. ‘प्रेक्षक नाही म्हणून शो नाही’ हा आपला सिद्धांत मी त्या आठवड्यात उलटा-सुलटा करून पाहिला, बसला नाही.

तो सिद्धांत पुरता मोडला 30 जूनला. ‘बाईपण भारी देवा’. दिग्दर्शक पुन्हा केदार शिंदे, ‘शाहीर’नंतर बरोबर नऊ आठवड्यांनी. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. हिरो नाही, मारामारी नाही, परदेशातलं गाणं नाही. सहाही जणी चाळिशी ओलांडलेल्या किंवा ओलांडायला आलेल्या. आपण नेहमीप्रमाणे तो सकाळी लावलात. आणि बायका सकाळी आल्या! नऊवारी नेसून, नथ घालून, वर गॉगल चढवून, भिशीच्या गटाने, सोसायटीच्या गटाने, नणंदा-भावजयांसकट आल्या. आमच्या हापिसात त्या महिन्यात सकाळी जेवढ्या जणींच्या पोटात दुखलं, तेवढं कुठल्याही साथीत दुखलं नव्हतं. मध्यंतरात फुगड्या झाल्या. सत्तर कोटींच्या पुढे गेला म्हणतात.

मला स्वतःला तो तितकासा आवडला नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. घरी लिहिलं तर जेवण मिळणार नाही. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी समोरासमोर येतात ते प्रसंग मी पुन्हा पाहीन. पण तीस वर्षांची दुखणी एका स्पर्धेत झिम्मा खेळून बरी होतात, हे मला पटत नाही. माझी कंबर तेवढी ऐकत नाही. शेवट कसा होणार हे मध्यंतराच्या वड्यालाही माहीत होतं. तरी मी टाळ्या वाजवल्या, कारण शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरून त्या वाजवल्या. आणि साहेब, आपणही काय चपळाई दाखवलीत! दुसऱ्या आठवड्यात सहाचा खेळ, तिसऱ्यात साडेसातचाही. तीच थिएटरं, तेच पडदे, तोच दिग्दर्शक. एप्रिलअखेर जी संध्याकाळ शिल्लकच नव्हती, ती जुलैमध्ये कुठल्या कपाटातून निघाली, हे एकदा सांगाल का?

जुलैअखेरीचं थोडक्यात सांगते. ‘ओपेनहायमर’ तीन तासांचा. निम्मा कळला, निम्मा भाच्याने कुजबुजत सांगितला. स्फोटानंतर दिग्दर्शक पडद्यावर सगळं शांत ठेवतो. त्या जागतिक शांततेत माझ्या डावीकडचा माणूस नाचो खात होता. बाँबचा आवाज नंतर आला, पण मला तो नाचोपेक्षा लहान वाटला. ‘बार्बी’ भाचीसोबत पाहिला; तिला गुलाबी रंग आवडला, मला आईची व्यथा आवडली, दोघी खूश. मधल्या काळात, 11 जुलैला, जीएसटी परिषदेने थिएटरातल्या खाण्यावरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्के केला. त्यानंतर पॉपकॉर्न घ्यायला गेले, तर आमच्या काउंटरवर भाव जिथल्या तिथे. पोराला विचारलं. त्याने बोट वर केलं.

असो. मुख्य काम पुढे आहे. येत्या 11 ऑगस्टला ‘गदर 2’ आणि ‘ओएमजी 2’ एकाच दिवशी येताहेत, तेव्हा आपल्या संध्याकाळी कुणाच्या नावावर चढल्या असतील याची मला कल्पना आहे. ‘गदर’मधला तो हातपंप उपटण्याआधी तरी कुणी आपल्याला थांबवू शकणार नाही. पण त्याच महिन्यात दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ही आहे, आणि तो मला बघायचा आहे. त्याचे नायक तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा रात्रीच चढले, हे इतिहासाला धरून आहे. तेवढ्यावरून खेळ रात्री अकराचा लावू नये ही विनंती. त्यांना सकाळी हापिसात अंगठा लावायचा नव्हता.

कळावे, लोभ असावा. सहाचा खेळ असला तर अधिक असेल.

आपली,
एफ रांगेतली एक