डावी बाजू लंगडी

आमची गाडी उजवीकडून पाहिली तर कालच शोरूममधून आल्यासारखी वाटते. डावीकडून पाहिली तर पानिपतावरून. म्हणून पाहुणे यायचे असले की मी डावी बाजू भिंतीला लावून गाडी उभी करतो. तशी लावताना ती आणखी थोडी घासते, पण निदान घासलेलं दिसत नाही.

यात माझा दोष नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि फूटपाथ डावीकडे असतो. ज्या गोष्टीपासून जपायचं तिच्यापासून माणसाला गाडीत जितकं लांब बसवता येईल तितकं लांब बसवायचं, ही व्यवस्था मी केलेली नाही. शिवाय हिशेबच बघा. आमचा टायर २०५/५५ आर १६. यातले २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी आणि ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के इतकी रबराची बाजूची उंची. गुणाकार केला की अकरा सेंटिमीटर येतात. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, पादचाऱ्यांच्या सोयीसाठी फूटपाथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. फूटपाथने अगदी शहाण्यासारखं हे ऐकलं तरी रबर संपून अलॉय सुरू होतो तिथून वर त्याची चार सेंटिमीटर कड शिल्लक राहते. या चार सेंटिमीटरांत माझे बरेच पैसे गेले आहेत. आणि पुण्यातला फूटपाथ ऐकतो कुणाचं?

पूर्वी मारुती ८००ला लोखंडी चाकं होती. घासली तर घासली; पावसाळ्यात तशीही गंजायची. आता अलॉय, आणि त्यातही डायमंड कट. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही ते सुखी आहेत. या चाकाचा चकाकणारा भाग रंगवलेला नसतो. लेथवर चढवून धातूचा पातळ थर सोलून काढतात आणि वर पारदर्शक लॅकर देतात. ओरखडा पडला की नुसता रंग मारून भागत नाही, पुन्हा सोलावं लागतं.

"मग सोला," मी म्हणालो.

"सोलतो की. पण काका, दर वेळी सोलायला चाक जाड हवं ना," अलॉयवाला म्हणाला. त्यानंतर त्याने काही सुनावलं नाही. मुकाट्याने माझा नंबर सेव्ह करून घेतला, ते जास्त लागलं.

याआधी आरशाचा उपाय करून झाला होता. गाडी लावताना डावा आरसा खाली वाकवायचा, म्हणजे मागचं चाक आणि कड दोन्ही दिसतात. उपाय उत्तम आहे. फक्त निघताना आरसा परत वर करावा लागतो. एकदा मी लक्ष्मी रस्त्यापर्यंत डाव्या आरशात केवळ डांबर बघत आलो, आणि रस्ता आज किती मोकळा आहे याचं मला कौतुक वाटत होतं.

तेव्हा कॅमेरा. कॅमेऱ्याला परंपरा आहे, हे मी बायकोला सविस्तर समजावून सांगितलं. १९५६ साली ब्यूक कंपनीने सेंच्युरियन नावाची एक प्रदर्शनातली गाडी केली होती, तिच्या शेपटाला टीव्हीचा कॅमेरा होता. २००७ साली निस्सानने चारी बाजूंचे कॅमेरे जोडून गाडी आकाशातून दिसावी अशी सोय केली. आपल्या सरकारनेही १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे केले. म्हणजे माझ्या पाठीची काळजी सरकारला आहे, बाजूची मलाच घ्यायला हवी.

"किंवा हळू चालव," बायको म्हणाली. तिला इतिहासात रस नाही.

नाना पेठेत गाडीला लागणारं सगळं मिळतं आणि न लागणारं त्याहून जास्त मिळतं. दुकानदाराने आधी तीनशे साठ अंशांचा सेट दाखवला. त्यात गाडीभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चटया अंथरून चारही कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांना जुळवून घ्यावी लागतात. एवढी सपाट, रिकामी जागा पुण्यात कुठे आहे असं मी विचारलं, तर त्याने विषय बदलला आणि सुट्टा साइड कॅमेरा काढला. सुपारीएवढा. आरशाच्या पोटाला बसवायचा, एकशे सत्तर अंशांत बघतो, वॉटरप्रूफ.

"होल मारावं लागेल," तो म्हणाला.

"आणि वॉरंटी?"

"वायर कापायचीच नाही. सगळं कपलर टू कपलर."

मग एक पोरगा आला, त्याने दाराचं आतलं अस्तर उपसलं, आरशात ड्रिल घातलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर वायर कापली. मी चहा प्यायला बाहेर गेलो. काही गोष्टी मालकाने पाहू नयेत.

कॅमेरा लागला तर खरा, पण तो पडद्यावर यायचा कधी? रिव्हर्स टाकला की मागचा कॅमेरा आपोआप येतो, कारण त्याला रिव्हर्सच्या दिव्याची वायर दिलेली असते. तशी या कॅमेऱ्याला डाव्या इंडिकेटरची दिली. डावीकडे इंडिकेटर टाकला की डावी बाजू हजर. ऐकताना हे फार हुशारीचं वाटलं. नकाशा मात्र त्याच पडद्यावर असतो, हे रस्त्यावर आल्यावर ध्यानात आलं. नकाशा म्हणतो, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. मी आज्ञाधारकपणे इंडिकेटर देतो. तत्क्षणी नकाशा नाहीसा होतो आणि त्या जागी माझं पुढचं चाक आणि थोडी खडी दिसू लागते. गल्ली पहिली की दुसरी, हे खडीवरून ओळखायचं. त्या काळात मी बरेचसे रस्ते सरळच गेलो. पुणे बरंच मोठं झालंय.

त्याहून मोठी गंमत चित्रातच होती. हे स्वस्त कॅमेरे मुळात मागे लावण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून ते चित्र आरशासारखं उलटं दाखवतात आणि त्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या रेघा काढतात. बाजूला लावायचा तर वायरीची दोन छोटी वेटोळी असतात, त्यातलं एक कापलं की रेघा जातात आणि दुसरं कापलं की चित्र सुलट होतं. एरवी कापायला इतका उत्साही असलेल्या पोराने इथे काहीच कापलं नव्हतं. परिणामी पडद्यावर गाडी डावीकडे आणि फूटपाथ उजवीकडे. जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावताना फूटपाथ उजवीकडून अंगावर येतोय असं दिसलं, म्हणून मी सावधपणे काटा डावीकडे मारला. रेघ हिरवीच होती. आवाज मात्र ओळखीचा आला. मागे उभा असलेला पार्किंगवाला इतका वेळ "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता, तो त्या आवाजानंतर "बास" म्हणाला.

वेटोळं कापून घेतलं. चित्र सुलट झालं. आता पुढचं चाक असं स्वच्छ दिसायचं की फूटपाथच्या कडेवरची पानाची पिंकसुद्धा ताजी की शिळी ते कळावं. पुढचं चाक मी कडेपासून अचूक वीतभर लांब ठेवून वळवलं आणि मान वर केली, तोच मागचं घासलं. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. हे एसटीच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. माझा कॅमेरा आरशाखाली, तोंड पुढे. मागचं चाक त्याच्या पाठीमागे काय करतं याची त्याला माझ्याइतकीच कल्पना होती. अलॉयवाल्याने चाक उलटसुलट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "पुढची बंद केली का काका?"

तरीही मी कॅमेऱ्यावर श्रद्धा ठेवून होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना डावीकडे जिन्याची पायरी आहे. एका संध्याकाळी पडद्यावर डोळे लावून मी त्या पायरीपासून इतकी देखणी गाडी काढली की वॉचमन मामांनी हात वर केला. मी त्यांना हात केला. ते शाबासकी देत नव्हते, थांबवत होते. उजवीकडे खांब होता. उजवी बाजू मी इतकी वर्षं कशी सांभाळली होती, तर तिकडे बघून. आता गाडीच्या दोन्ही बाजूंना समान वागणूक मिळाली. पाहुण्यांना कुठली दाखवायची हा प्रश्नही सुटला.

बायको तीच गाडी चालवते, आणि तिच्या हातून घासत नाही. ती पडदा बंद ठेवते आणि पुढच्या काचेवर खाली एक टिकली चिकटवते. फूटपाथची कड काचेतून त्या टिकलीखाली आली की चाक कडेपासून वीतभर लांब आहे, असं तिने रिकाम्या रस्त्यावर उतरून मोजून ठरवलंय. टिकल्यांचं पाकीट दहा रुपयांना. मी तिची टिकली वापरून पाहिली आणि थेट फूटपाथवर चढलो. ती माझ्यापेक्षा चांगली बुटकी आहे. माझ्या उंचीवरून त्याच टिकलीतून बघितलं तर नजर जमिनीवर अलीकडेच पडते आणि ती वीत संपून जाते. मग मी सीटवर घसरून तिच्या उंचीला येऊन पाहिलं. गाडी छान लागत होती, पण वॉचमन मामा फाटक उघडेनात. गाडीत कुणी दिसत नाही म्हणे.

शेवटी मी माझी स्वतंत्र टिकली घेतली. चष्म्याशिवाय दिसावी म्हणून मोठी, मरून रंगाची. माझ्या नजरेला जुळवून काचेवर लावली आणि दोन्ही टिकल्यांत गोंधळ नको म्हणून बायकोची काढून ठेवली.

सकाळी गाडी पुसणारा मुलगा वर आला. बेल वाजवली, मला ओलांडून आत पाहिलं आणि बायकोला दारात बोलावून बोटावरची टिकली दाखवत हळू आवाजात म्हणाला, "काकू, काकांच्या गाडीत मिळाली. तुम्ही तर एवढी मोठी लावत नाही."

समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

बायकोने टिकली शांतपणे घेतली, उजेडात धरून पाहिली आणि माझ्या हातावर ठेवली. "परत चिकटव," ती म्हणाली. "पण जरा सरकवून लाव. काल रात्रीही घासली आहेस."