क्लबातला रॉक

यवतमाळात ‘क्लब’ म्हटलं की आधी पत्ते पिसल्याचा आवाज ऐकू येतो. चार टेबलांच्या क्लबात बसून एखादा मुरलेला रॉक गायक ऐकायची हौस मी पानठेल्यावर बोलून दाखवली, तेव्हा पहिला प्रश्न आला, “रमी का तीनपत्ती?”

मी नंदू भेंडेंचं नाव घेतलं. आत्माराम भेंडेंचा मुलगा. अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्यूडास. पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून बेतलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त १९७८ साली मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा आणला तो यानंच.

“मंग यंदा दुर्गोत्सवात आनू ना बावा त्याले!” ठेलेवाला पानाला कात लावत म्हणाला.

भेंडे २०१४ मध्येच गेले, असं मी सांगितलं. क्षणभर सगळे गप्प.

मग मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, “काई फरक नाई पडत, राजेहो. डीजेच्या भिंतीपुढं जित्या गायकाचा तरी आवाज कुठी आयकू येते?”