एका लाभार्थिनीचे आभारपत्र

प्रति,
मा. समन्वयक सर,
विद्यार्थिनी मंच
(महाविद्यालयाचे नाव मुद्दाम गाळले आहे. एवढ्या थोर कार्याचे श्रेय मावळातल्या एकाच महाविद्यालयाने लाटले, तर बाकीच्यांवर अन्याय होईल.)



माजी विद्यार्थिनींसाठी आपण पाठवलेला अभिप्रायाचा फॉर्म मिळाला. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार आहे, तेव्हा दोन दिवसांत भरून पाठवा, हा प्रेमळ आदेशही मिळाला. फॉर्ममध्ये 'उत्तम', 'अतिउत्तम' आणि 'सर्वोत्तम' एवढे तीनच पर्याय होते. माझ्या भावना त्यांत मावेनात, म्हणून हा पत्रप्रपंच. सोबत मंचाचा २०२०-२१ या वर्षाचा अहवाल जोडलात, हे तर फारच चांगले केलेत. त्या वर्षी मीही मंचाची सभासद होते. आम्ही मुलींनी मिळून एवढे काही केले होते, हे मला तो अहवाल वाचेपर्यंत कुणी सांगितलेच नव्हते.

पहिले आभार जागतिक पर्यावरण दिनाचे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि घाट चढून आमच्याकडे पोचले. पवन मावळात पॉलिहाऊसचे सांगाडे आडवे झाले. मार्चपासून बाजार बंद, लग्ने बंद, म्हणून ज्यांचा गुलाब बांधावर फेकला जात होता, त्यांच्या डोक्यावरचे प्लास्टिकही उडाले. घरांचे पत्रे गेले, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. आणि ५ जूनला सकाळी अकरा वाजता आपण वेबिनार घेतलेत: 'निसर्गाशी मैत्री'. आमचे फोन तेव्हा बंद पडले होते. तरी अहवालात उपस्थिती शंभर टक्के आहे. आमच्या आत्म्यांनी हजेरी लावली असणार. त्यांची नोंद घेणारे आपण पहिलेच.

योग दिनाचे आभार वेगळे मानते, कारण जिओ-टॅग फोटो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. त्या वर्षी सगळ्यांनी घरीच योगासने करायची होती. आपली अट एवढीच, की फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटली पाहिजे. अंदर मावळात, वडेश्वरच्या पुढे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने अंगणात ताडासन केले. आसन जमले, अक्षांश काही जमेनात. शेवटी ती फोन घेऊन वरच्या पठारावर गेली, रेंजच्या एका दांडीसाठी एका पायावर उभी राहिली आणि तिथून फोटो पाठवला. अहवालात तिच्या नावापुढे 'वृक्षासन' लिहिले आहे. सर, आपली नजर किती बारीक!

जुलैतही आपण आम्हाला विसरला नाहीत. भातलावणीच्या ऐन आठवड्यात, दिवसा, 'ग्रामीण महिला आणि शेती' या विषयावर राष्ट्रीय वेबिनार! राष्ट्रीय अशासाठी, की पाहुणे दिल्लीहून बोलत होते. ज्या तालुक्यातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी तांदूळ दिला, त्या तालुक्यातल्या मुलींना भात कसा लावतात ते दिल्लीहून समजावून सांगणारे कुणीतरी हवेच होते. मी तेव्हा चिखलात उभी होते. फोन बांधावर, घमेल्यात, वर प्लास्टिकची पिशवी. मध्येच आपला आवाज आला, 'मुलींनो, कॅमेरे सुरू करा, पाहुण्यांना बरे दिसत नाही.' मी ओढणीला एक बोट पुसले आणि कॅमेरा सुरू केला. पडद्यावर माझे गुडघे, त्यामागे आई, काकू आणि त्यांच्या हातांतल्या रोपांच्या जुड्या दिसू लागल्या. लगेच आपला निरोप आला, पार्श्वभूमी व्यवस्थित ठेवावी. विषय ग्रामीण महिलांचा होता आणि मागे ग्रामीण महिलाच उभ्या होत्या, हा आमचा गावंढळपणा आपण मोठ्या मनाने सांभाळून घेतलात.

प्रश्नमंजूषांचे आभार कसे मानू? त्यांची तर झडच लागली होती. कोरोना जनजागृती, जलसाक्षरता, मतदार जागृती, हिंदी दिन, ओझोन दिन. चाळीस टक्के मिळाले की ई-प्रमाणपत्र आपोआप ईमेलवर. मावळात धुवाधार पाऊस आम्ही दरवर्षी पाहतो, पण प्रमाणपत्रांनी ओढे दुथडी भरून वाहिलेले तेवढे एकदाच पाहिले. प्रत्येकावर तीन बोधचिन्हे, सोनेरी वेलबुट्टी, प्राचार्यांची किंचित कललेली सही आणि खाली आपली सही, त्यांच्यापेक्षा थोडी मोठी.

नावाआधी मात्र सरसकट 'कु.' छापलेले असे. माझ्या वर्गातल्या एकीचे लग्न त्याच पावसाळ्यात उरकले. पन्नास माणसांचे बंधन होते, म्हणजे मांडव नको, गावजेवण नको, खर्च निम्म्याहून कमी. बापाने हिशेब केला आणि स्थळ आले तसे तिला उजवून टाकले. तिची इच्छा पदवी घेऊन मग बघू अशी होती, पण टाळेबंदीत इच्छा विचारायला वेळ कुणाला होता! 'सक्षम कन्या' प्रश्नमंजूषेचे तिचे प्रमाणपत्र लग्नानंतर आले. सासरी सगळ्यांनी पाहिले. आपण तिला कुमारीच ठेवल्याबद्दल ती आपली आजन्म आभारी आहे. तिने पुढची परीक्षा दिली नाही, ते अहवालात नाही. कदाचित तो रकाना नसेल.

स्वसंरक्षणाच्या ऑनलाइन वर्गाबद्दल मी काही बोलत नाही. हल्लेखोर समोर आला तर आधी नेटवर्क तपासायचे, एवढे मला पाठ झाले आहे.

आता पैशाचे. 'कमवा आणि शिका' योजनेत आमच्यातल्या कितीतरी जणी ग्रंथालयात, कार्यालयात काम करायच्या. महाविद्यालयाला कुलूप लागले, योजनेलाही लागले. लोणावळ्यातल्या मुलींच्या घरचे उत्पन्न पर्यटकांवर. त्या पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाने पर्यटनाला बंदी घातली. भुशी धरणावर कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या विझल्या, चिक्कीच्या दुकानांत पाकिटे भरायला कुणी लागेना. नेमक्या अशा वेळी आपण शहरातल्या एका बँकेचे निवृत्त अधिकारी बोलावून 'बचतीचे महत्त्व' समजावलेत. उत्पन्न शून्य असताना बचत कशी करावी, हा प्रश्न एकीने चॅटमध्ये टाकला होता. वेळेअभावी तो घेता आला नाही. जिमखाना आणि स्नेहसंमेलनाच्या शुल्काची पावती मात्र आम्हाला वेळेवर मिळाली. न झालेल्या स्नेहसंमेलनात मी नाटकात काम केले होते असे आता वाटू लागले आहे.

आणि कार्ल्याची सहल! वारसा सप्ताहात आपण सभासदांना 'कार्ले लेण्यांची आभासी सहल' घडवलीत. मंचात वेहेरगावची एक मुलगी होती. तिच्या घराच्या पायरीवर उभे राहिले की लेणी असलेला एकवीरेचा डोंगर समोर दिसतो. तिने पायरीवर बसून, डोंगराकडे पाठ करून, फोनवर तो डोंगर पाहिला. मध्येच चित्र गोठले तेव्हा ती मागे वळली. डोंगर तिथेच होता, अजिबात न अडकता.

तरी सहल उपयोगाची ठरली. आपण स्लाइड वाचून दाखवलीत, की तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचे यवन आहेत, भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ती माणसे सर, फार कोत्या मनाची असावीत. ज्याने एक खांब दिला, त्याने एका खांबावर नाव घातले आणि गप्प बसला. शेजारच्या खांबालाही आपलेच दान म्हणावे, असे त्यांच्यापैकी कुणालाच सुचले नाही. आपण त्या काळी समन्वयक असता, तर सगळे लेणे एकाच नावावर लागले असते.

हे मी उगाच म्हणत नाही. अहवालात एक छायाचित्र आहे, त्याच्याकडे मी बराच वेळ बघत होते. खाली लिहिले आहे: 'मंचाच्या पुढाकाराने गावपातळीवर आरोग्य सर्वेक्षण'. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्य शासनाची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, आणि घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप, प्राणवायू, जुने आजार लिहून घ्यायचे. आमच्या गावच्या आशा स्वयंसेविकेबरोबर, म्हणजे आशाताईंबरोबर, फिरायला कुणी तयार होईना, म्हणून मी आणि माझी चुलत बहीण गेलो. मंचाने आम्हाला पाठवले नव्हते. मंच त्या आठवड्यात 'ओझोन थर आणि युवती' करत होता.

लोक दार उघडत नसत. नाव लिहिले की गाडी येईल आणि उचलून नेईल, ही धास्ती घराघरांत होती. आशाताई ओट्यावरच बसायच्या. आधी पावसाचे, भाताचे, नातवाचे विचारायच्या, मग हळूच म्हणायच्या, 'आजी, बोट द्या जरा.' पावसाने गारठलेल्या, रापलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडाच येत नसे. ताई ते बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळायच्या, ऊब आली की पुन्हा लावायच्या. आजी विचारायची, 'किती आलं?' ताई सांगायच्या, 'सत्त्याण्णव. पास झालात.' एका घरी आकडा खूप खाली आला, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. अंगणाबाहेर येऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या. कोविडच्या या कामाचे त्यांना केंद्र सरकारकडून महिन्याला हजार रुपये होते. तेही कधी येतील ते येतील.

माझ्या बहिणीने आमचा तिघींचा एक फोटो स्टेटसला ठेवला होता. अहवालातला फोटो तोच. आशाताई मध्ये होत्या, म्हणून फोटो कापायला जरा त्रास पडला असेल. डाव्या कडेला त्यांचा कोपर आणि वहीचा कोपरा राहून गेला आहे. बाकीच्या मोकळ्या जागेत, लंबगोल चौकटीत, आपला कोटातला फोटो आहे. कोट छान आहे, सर. त्या आठवड्यात गावात कोट घातलेले कुणी दिसले नव्हते, एवढेच.

पुढच्याच पानावर 'कोरोना योद्धा' सन्मानाची यादी आहे. देणारे आपले महाविद्यालय, घेणारे आपण, प्राचार्य, उपप्राचार्य आणि संगणक विभागाचे प्रमुख. कोणत्या आघाडीवर लढलात, हे लिहायचे राहिले आहे.

सावित्रीबाईंच्या जयंतीचा उल्लेख केला नाही तर मी कृतघ्न ठरेन. ३ जानेवारी २०२१ ला, महिला शिक्षण दिनी, आपण व्याख्यान ठेवलेत. वक्ते सर, अध्यक्ष सर, प्रास्ताविक आपले, आभारही आपलेच. आणि सुरुवातीलाच सूचना: 'सर्व मुलींनी म्यूट राहावे, शेवटी प्रश्न घेऊ.' शेवटी राष्ट्रगीत झाले.

१५ फेब्रुवारीला महाविद्यालय निम्म्या उपस्थितीने उघडले आणि आठवडाभरात पुणे जिल्ह्यातल्या इतरांबरोबर पुन्हा बंद झाले. तेवढ्या दिवसांत आपण आम्हाला प्रत्यक्ष भेटलात, एकदा. बॅनर आणला होता, मागे अहवालासाठी कॅमेरा होता. अंतर पाळून उभे राहा म्हणालात, मग फोटोत सगळ्या मावेनात म्हणून जवळ या म्हणालात.

एवढे आभार मानल्यावर दोन विनंत्या करायचा हक्क लाभार्थिनीला असावा. पहिली, समिती आली की तिला सभागृहातले सादरीकरण अवश्य दाखवा, पण जमल्यास एक गाडी आमच्या गावाकडेही वळवा. आशाताई सकाळी उपकेंद्रात असतात. आपल्या फोटोतला कोपर त्यांचा आहे, हे त्या लगेच ओळखतील. पाहुणे आल्यावर चहा त्या स्वतः करतात, तेव्हा प्रास्ताविक थोडक्यात उरका. दुसरी विनंती, त्या फोटोखालचा मजकूर बदला. 'मंचाच्या पुढाकाराने' खोडून आशाताईंचे नाव घाला. ते आपल्याला ठाऊक नसेल तर आमच्या गावात कुणालाही विचारा.

आपली नम्र,
एक माजी सभासद

ता. क. लाभार्थींच्या यादीत माझे नाव 'निसर्गाशी मैत्री', 'योग दिन' आणि 'कोरोना जनजागृती प्रश्नमंजूषा' अशा तीन ठिकाणी आहे. पहिली दोन कृपया वगळावीत. तिसरे राहू द्या. ती प्रश्नमंजूषा मी खरोखर सोडवली होती आणि शंभरपैकी शंभर गुण मिळवले होते. उत्तरे आपण आदल्या रात्री ग्रुपवर टाकलीत, त्याबद्दल तेव्हा आभार मानायचे राहून गेले होते.