मार्केट रेट साहेबांस खुले पत्र

श्री. मार्केट रेट साहेब यांस,
मुक्काम पोस्ट: ठाऊक नाही.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका सीएनसी ऑपरेटरचा सादर नमस्कार.

साहेब, अकरा वर्षं आपलं नाव ऐकतोय, दर्शन नाही. दर एप्रिलला पगारवाढीचा विषय काढला की एचआरच्या मॅडम स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणतात, "मार्केट रेटच तेवढा आहे." जणू आपण आतल्या खोलीत बसलाय.

म्हणून शोधायला निघालो. किमान वेतनाच्या सरकारी तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या सापडल्या. माझ्या शेजारच्या मशीनवर तोच जॉब काढणारा पोरगा मात्र कंत्राटदाराच्या कागदावर 'हेल्पर' आहे. ड्रॉइंग एक, मायक्रोमीटर एक, पगार दोन. आपण कंत्राटदाराकडे उतरता काय?

मग स्लिप उलगडली. बेसिक चिमूटभर, भत्ते सूपभर. कारण पीएफचे 12 टक्के आणि बोनसचे किमान 8.33 टक्के बेसिक-डीएवर मोजतात. 21 नोव्हेंबर 2025 ला वेतन संहिता लागू झाली. भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं ती म्हणते. आमच्याकडे नवी स्लिप आली: बेसिक वाढलं, पीएफमधला कंपनीचा वाढीव वाटाही आमच्याच सीटीसीत बसवला, हातात पडणारी रक्कम घटली. आपल्या नावाला धक्का नाही!

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढून हातांना कसब दिलं. कसबाला मोल लावायचं खातं आपल्याकडे कधी आलं?

गेल्या महिन्यात वाघोडियाहून बोलावणं आलं, म्हणून राजीनामा टेबलावर ठेवला. पंधरा मिनिटांत चहा आला. "बसा ना, चार हजारांचं बघते." अकरा वर्षं न सापडलेले आपण एवढ्यात कुठून धावत आलात? आणि त्या पोराला कुठूनच बोलावणं नाही, म्हणून त्याच्याकडे फिरकत नाही?

मी राहिलो. संध्याकाळी त्याला सेव-उसळ खायला नेलं. गाडीवर भाव पाटीवर लिहिलेला होता, साध्या आणि जादा तरीचा वेगळा. तिथेच त्याला माझा पगार सांगितला. तो पाव हातात धरून बघतच राहिला. माझ्या नेमणूकपत्रात पगार गुप्त ठेवायची अट आहे, साहेब. आपला पत्ता बहुधा तोच असावा.

आपला,
चार हजारांनी महागलेला एक ऑपरेटर