बिनशिंकेचं मांजर

कुणाकडे जायचं ठरलं की आमचे दादाकाका आधी फोन करून विचारतात, "तुमच्याकडे मांजर आहे का हो?" यजमानांना वाटतं, पाहुण्यांना मांजराचा त्रास असणार. तसा तो आहेच. म्हणून ते मांजराला बाल्कनीत कोंडून ठेवतात. काका पोचतात, सोफ्यावर टेकतात, सोफ्याखाली वाकून बघतात आणि हिरमुसून म्हणतात, "कोंडलंत कशाला बिचाऱ्याला? मी गोळी घेऊन आलोय."

बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून काका मांजर पाळणार आहेत. अडचण एवढीच की मांजर खोलीत आलं की त्यांचं नाक वाहतं, डोळे सुजतात आणि शिंका सुरू झाल्या की खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. त्यामुळे बाहेर पडताना दोन रुमाल असतात. डाव्या खिशात चालू, उजव्या खिशात राखीव.

आणि दहा जणांच्या बैठकीत मांजर नेमकं काकांच्याच मांडीवर येऊन बसतं. याचंही शास्त्र त्यांच्याकडे तयार आहे. मांजराकडे बघत डोळे हळूहळू मिटले तर ते जवळ यायची शक्यता वाढते, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रयोग करून दाखवलंय. काकांचे डोळे सुजून अर्धे मिटलेलेच असतात. मांजराला वाटतं, काय प्रेमळ गृहस्थ आहेत!

"तसं नाहीये ते," हे काकांचं लाडकं वाक्य. कुणी सहज म्हणावं, "काका, कमी केसांचं मांजर घ्या की," आणि बसल्या जागी तास ऐकावा. "तसं नाहीये ते. केसांचा काही संबंध नाही. सगळा खेळ लाळेचा आहे." मग फेल डी वन नावाचं प्रथिन येतं. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत ते तयार होतं. मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे कण इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात. काकू या प्रथिनाला "तुमचं ते नापास" म्हणतात.

आता इतकं कळणाऱ्या माणसाने जातींचा नाद सोडायला हवा. पण मुलाला स्थळं बघावीत तशी काकांनी मांजरांची फाईल केली आहे. फोटो, मूळ गाव, अंगकाठी, स्वभाव, सगळं. पहिलं आलं स्फिंक्स. नाव इजिप्तचं, पण घराणं कॅनडातलं, १९६६ साली टोरांटोत जन्मलेल्या एका बिनकेसाच्या पिल्लापासूनचं. फोटो बघून काकू म्हणाल्या, "अहो, आधी याच्या अंगात काहीतरी घाला." पुढे कळलं की तेल टिपायला अंगावर केसच नसल्याने याला वरचेवर अंघोळ घालावी लागते. "तुमच्या स्वतःच्या अंघोळीसाठी मी तीन हाका मारते," काकू म्हणाल्या आणि ते पान उलटलं. मग बालिनीज. तिचा बाली बेटाशी काडीचा संबंध नाही. ती अमेरिकेत वाढवलेली लांब केसांची सयामी. काकांच्या मनात भरली ती मात्र सायबेरियन. रशियातल्या थंडीसाठी अंगावर केसांचा तिहेरी कोट घालून आलेली ही बाई एप्रिलच्या पुण्यात कशी राहील, या काळजीने काकांनी एसीचं कोटेशनसुद्धा मागवलं. मांजराचा अजून पत्ता नव्हता.

शेवटी डॉक्टरांनीच जातीचा निकाल लावला. अजिबात फेल डी वन नसलेली जात नाही. फरक असतो तो मांजरामांजरात. एकाच घराण्यातल्या एका मांजरात ते कमी असतं, दुसऱ्यात भरपूर. नसबंदी न केलेल्या बोक्यात जास्त, केलेल्यात कमी. "तेव्हा जात विचारू नका. जे मांजर घ्यायचंय त्याच्याशेजारी जाऊन बसा," ते म्हणाले.

मग काका निघाले बघायला. कोथरूडला एका घरी पर्शियन पिल्लं होती. काकांनी त्यातलं एक मांडीवर घेतलं, मनगटातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि वहीत नोंदी केल्या: "दहा मिनिटे. नाक कोरडे. वीस मिनिटे. डोळे ठीक." चाळीस मिनिटं झाली तरी एक शिंक नाही! काकांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, जमलं!"

पलीकडून काकूंनी विचारलं, "निघताना गोळी घेतली होतीत ना?"

काकांनी पिल्लू हळूच खाली ठेवलं.

मग त्यांनी गोळी बंद करून पाहिली. पण पावसाळा नुकताच ओसरला होता आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुललं होतं. मांजर न बघताच काका आठवडाभर शिंकत होते.

परदेशात मांजरांसाठी एक खाणं निघालंय, हा अलीकडचा शोध. त्यात कोंबडीच्या अंड्यातली प्रतिपिंडं असतात, ती लाळेतल्या प्रथिनाला निष्प्रभ करतात. तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट, असं बनवणारी कंपनी सांगते. काका उजळले. काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे अंडं? माझ्या स्वयंपाकघरात?" उरलेल्या ५३ टक्क्यांची चर्चाच झाली नाही.

लोक हसतात, म्हणतात, दादाला मांजर नकोच आहे, नुसता अभ्यास हवाय. मला तसं वाटत नाही. मांजर आणलं, त्याला लळा लागला आणि मग शिंकांपायी त्याला घराबाहेर काढावं लागलं तर? काकांना शिंकांपेक्षा याची धास्ती जास्त आहे. ते बोलत मात्र नाहीत. आणखी एक जात काढून बसतात.

काकांचं नाक तयार किती, ते भाच्याच्या लग्नात दिसलं. मुलीच्या काकांनी मांडवात त्यांना कडकडून मिठी मारली आणि काकांना शिंकांची सर आली. रुमालाआडून ते म्हणाले, "तुमच्याकडे मांजर आहे!" ते गृहस्थ चपापले. "होतं. दिवाळीत गेलं." हे प्रथिन कपड्यांना चिकटून फिरतं आणि मांजर गेल्यावरही काही महिने टिकतं. गृहस्थांचा ठेवणीतला जोधपुरी कपाटातून थेट मांडवात आला होता.

"कुठल्या जातीचं?" काकांनी सवयीने विचारलं.

"जात कसली हो, गावठीच. गॅरेजपाशी सापडलेलं पिल्लू. बाळू नाव." त्यांचा आवाज जरा बसला. काकांनी राखीव रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

जेवायला दोघं शेजारी बसले. बाळू पहाटे कसा उठवायचा, देवघरात कुठल्या पाटावर झोपायचा, हे सगळं मसालेभात येईपर्यंत चाललं. काका घास हातात धरून ऐकत होते. मग त्यांच्यातला अभ्यासक जागा झाला. नाक चोंदलं की माणसाला आपला आवाज किती चढलाय हे कळत नाही. भर पंगतीत काकांनी विचारलं, "पण बाळूची नसबंदी केली होती का?"

समोरच्या पानावर मुलीची आजी बसली होती. आणि आमच्या नवरदेवाला घरात सगळे बाळूच म्हणतात.