विकिपीडिया कसा शिकवावा : मराठीच्या प्राध्यापकांसाठी

हे मार्गदर्शन शिरूर तालुक्यातल्या सणसवाडी-शिक्रापूर या कारखान्यांच्या पट्ट्यातून येणाऱ्या बी. ए. मराठीच्या वर्गासाठी आहे. इतर तालुक्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे.

कार्यशाळा मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात, म्हणजे १४ ते २८ जानेवारीच्या दरम्यान घ्यावी. फ्लेक्स तेव्हाच छापलेला असतो. वेळ सकाळी अकराची बरी. पहिल्या पाळीची मुले कंपनीत आणि रात्रपाळीची झोपेत असल्याने वर्गात शिस्त राहते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि अध्यक्षीय मनोगत उरकल्यावर जी वीस मिनिटे उरतील त्यात ज्ञानकोश शिकवावा.

प्रथम सर्वांना एकदमच खाते उघडायला लावावे. महाविद्यालयाच्या एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती निघतात, हे आधी सांगू नये. सातव्या मुलाला नकार आला की ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे जाहीर करून चहा मागवावा. (खाते घरून काढून या, असे आदल्या दिवशी सांगितले तर हा चहा बुडतो.)

मराठी विकिपीडियावर सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. तिकडे कोणी फिरकू नये. साहित्याच्या विद्यार्थ्याने थेट एखाद्या लेखकाचे पान उघडून नावाआधी ‘थोर’ आणि नावानंतर ‘ओघवत्या शैलीने रसिकमनावर अधिराज्य गाजवणारे’ असे घालावे. परीक्षेत याच वाक्याला आपण गुण दिलेले असल्याने त्याला दोष देता येणार नाही. प्रचालकाने, म्हणजे विकिपीडियाच्या व्यवस्थापकाने, ही विशेषणे उडवली की मराठीची गळचेपी झाली म्हणून चावडीवर तक्रार नोंदवावी. चावडी म्हणजे ग्रामपंचायतीची नव्हे, विकिपीडियावरचीच.

विषय मात्र जवळचा द्यावा. पाबळ उत्तम. शिक्रापूरच्या पाबळ चौकातून रस्ता जातो, गाव शिरूर तालुक्यातच आणि तिथे मस्तानीची कबर आहे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. कशी गेली, यावर एकमत नाही. कोणी विष म्हणते, कोणी धक्का. इथे आपला विद्यार्थी खुलतो. त्याने ‘राऊ’ वाचलेली असते, निदान तिच्यावरून निघालेला २०१५चा चित्रपट तरी पाहिलेला असतो. तो मस्तानीच्या शेवटच्या क्षणीच्या भावना दोन परिच्छेदांत लिहितो आणि खाली संदर्भ देतो : ना. सं. इनामदार. ‘अरे, ती कादंबरी आहे,’ असे म्हणून त्याचा हिरमोड करू नये. तीन वर्षे आपण त्याला कादंबरीतून समाजदर्शन घडते हेच सांगत आलो आहोत. ज्ञानकोशकार केतकरांनीही कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या त्यांनी ज्ञानकोशाच्या २३ खंडांत शिवल्या नाहीत, ही बाब अभ्यासक्रमाबाहेरची समजावी.

एखादी मुलगी उठून म्हणेल, ‘सर, माझं आजोळ पाबळचं आहे, आजीला विचारून लिहू?’ आजीचे बोलणे छापलेले नसल्याने विकिपीडियाला चालत नाही. याचे मला खरोखरच वाईट वाटते, पण नियम तसा आहे. कबरीचा स्वतः काढलेला फोटो मात्र चालतो. मुक्त परवान्याखाली तो चढवायला पाच मिनिटे लागतात आणि त्यात विशेषण घालायला जागा नसते. त्यामुळे हे काम वर्गातल्या सर्वांत ‘ढ’ मुलाला द्यावे. कार्यशाळेतून टिकाऊ असे काही निघालेच तर ते त्याच्याकडूनच निघते.

राहिला गुणांचा प्रश्न. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०११मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावरचे लेखन अभ्यासाला जोडले होते. मुलांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून इतके उचलून चिकटवले की जुन्याजाणत्या संपादकांचे दिवस ते पुसण्यात गेले आणि प्रयोग त्याच वर्षी गुंडाळावा लागला. यावरून घ्यायचा धडा असा की गुण शब्दसंख्येवर द्यावेत, म्हणजे परंपरा खंडित होणार नाही.

ज्यांना ती खंडित करायची खोड आहे, त्यांनी लेख वाचण्याआधी त्याचे ‘इतिहास’ पान उघडावे. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, काय घातले आणि काय काढले, ते सगळे तिथे नोंदलेले असते. मुदतीच्या रात्री पावणेबाराला एकदम आठशे शब्द आले असतील, तर त्यातली एक ओळ उचलून गूगलमध्ये टाकून पाहा.