ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरच्या स्वयंघोषित व्याघ्र निवड समितीस अनावृत पत्र

माननीय सदस्यहो,



आपली समिती कोणी नेमली, तिची घटना काय, कोरम किती, याचा पत्ता कुठल्याही सरकारी कागदावर लागत नाही. तिच्या बैठका मात्र मंगळवारची सुट्टी सोडली तर नेमाने भरतात. पहिली पहाटे, गेट उघडण्याआधी चहाच्या टपरीवर. दुसरी सकाळची फेरी आटोपून तर्री-पोह्यांवर. तिसरी, जी सर्वात लांबते, ती रात्री रिसॉर्टच्या हिरवळीवर. विषय ठरलेला: यंदाच्या पोरांपैकी पुढे कोण जाणार. पोरं म्हणजे दीड-दोन वर्षांची, आईच्या मागे फिरणं सुटत आलेली, स्वतःचं रान अजून नसलेली वाघाची तरुण पिढी. कोणाचा पंजा जाड, कोणाची मान भरलेली, कोणी एकट्याने सांबर पाडलं, कोण जिप्सीसमोर तसूभर हलत नाही, याचे गुण भराभर पडतात. वधूवर सूचक मंडळात स्थळं पाहावीत तशी ही पाहणी चालते. खानदानही विचारलं जातं. वाघडोह हा ताडोब्याचा गाजलेला नर; ‘वाघडोहचं रक्त आहे’ म्हटलं की दोन गुण जास्त. ज्याच्याकडे सहाशेची लेन्स त्याचं मत निर्णायक, आणि मोबाइल गेटवर जमा करून आलेल्या नवख्याने फक्त ऐकायचं, हा शिष्टाचारही सर्वांना ठाऊक आहे. शेवटी निकाल लागतो: ‘तेलिया तलावाचं रान याचंच, लिहून घ्या.’

हा छंद आपल्यालाच लागला आहे असा अभिमान असेल तर तो सोडावा लागेल. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो मुख्यतः हाताने खेळायचा खेळ आहे, त्याचे चाहते दरवर्षी महिनोन्‌महिने हेच करतात. तिथे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या होतात आणि गेल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याला पहिली निवड मिळते. कोणता पोरगा कोणाच्या वाट्याला यावा यावर तिकडे लोक जेवणखाण विसरून भांडतात. फरक एवढाच की ते निदान मोजतात: चाळीस यार्डांची धाव किती सेकंदांत, उडी किती उंच, तळहात किती इंच. इतकं मोजूनही १९३६ साली पहिल्यावहिल्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला जे बरवॅंगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही, आणि २००० साली १९९व्या क्रमांकापर्यंत कोणी हात न लावलेल्या टॉम ब्रेडीने पुढे सात अजिंक्यपदं मिळवली. घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन बसलेल्यांची ही गत, तर खड्ड्यांतून उसळणाऱ्या जिप्सीत उभं राहून केलेल्या निवडीचं काय होत असेल याचा आपणच विचार करावा. आपली पोरांची पारख कच्ची आहे असं मी म्हणत नाही. आपण पारख करता ते मैदानच चुकीचं आहे. तरुण वाघाचं पुढे काय होणार हे त्याच्या हाडापेरापेक्षा त्याला मिळणाऱ्या रानावर आणि त्या रानापर्यंतच्या वाटेवर ठरतं, आणि त्या दोहोंचा विषय आपल्या बैठकीत निघत नाही.

आधी मैदानाचा हिशेब पाहू. ताडोबा-अंधारीचा कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, त्याभोवती बफर ११०० चौरस किलोमीटरचा. कोअरमधला पाचवा हिस्साच काय तो पर्यटनाला मोकळा ठेवता येतो. त्यातही जिप्सी रस्ता सोडून जात नाही, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरची गेटं बंद. म्हणजे आपली सारी गुणपत्रिका रस्त्याकडेच्या पट्ट्यात, ठरावीक वेळी दिसलेल्या जनावरांची. जो वाघ जिप्सीचा आवाज आला की बांबूत शिरतो, त्याचं नावही यादीत येत नाही. आपल्या दृष्टीने तो नापास. वास्तविक आईचं रान सोडल्यावर त्याला ज्या मुलखातून जायचं आहे तिथे शेतं आहेत, गुरं आहेत, तेंदूपत्त्याला निघालेल्या बाया आहेत, मोहफुलं वेचणारी म्हातारी माणसं आहेत. तिथे माणूस दिसताच बाजूला होणं हा पहिल्या दर्जाचा गुण. गाड्यांच्या गराड्यात शांत बसण्याचं जे कसब आपण ‘मिजास’ म्हणून डोक्यावर घेता, ते गेटच्या आतच शोभतं. ते कसं अंगी येतं याचा नमुना ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात सर्वांनी पाहिला: एफ-२ वाघीण आणि तिची पिल्लं मध्ये, दोन्ही बाजूंनी जिप्स्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आपल्या समितीने त्या पिल्लांना धीटपणाचे किती गुण दिले, ते कळलं नाही.

आता निवडीचा इतिहास. मध्य प्रदेशातल्या पन्ना प्रकल्पात २००९ साली एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्ह्याहून वाघिणी आणल्या, पेंचहून एक नर आणला. तो नर, टी-३, काही दिवसांतच पन्ना सोडून पेंचच्या दिशेने चालू लागला. महिनाभर हत्ती आणि माणसं त्याच्या मागे; ऐन नाताळात त्याला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. आपल्या समितीने त्याच रात्री त्याच्या नावावर फुली मारली असती. पुढे तोच पन्नाच्या नव्या पिढीचा बाप ठरला. त्याहून नवलाच्या टी-४ आणि टी-५. कान्ह्यात लहानपणीच आई गेलेल्या या बहिणी कुंपणात, माणसाच्या देखरेखीखाली वाढल्या. पिंजऱ्यात वाढलेली वाघीण रानात जगत नाही, हे मत तेव्हा भल्याभल्यांचं होतं. त्यांना पन्नात सोडलं. त्या शिकार करू लागल्या, त्यांना पिल्लं झाली. आज पन्नाच्या वाघांनी पन्नाशी ओलांडली आहे. याच्या उलट ओडिशातलं सातकोसिया. २०१८ मध्ये कान्ह्याचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी तिथे नेली. दोघं ऐन उमेदीची, कागदावर कुठेच कमी नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात महावीर मेलेला सापडला. सुंदरीवर माणसं मारल्याचा ठपका आला, गावं उठली, तिला कोंडावं लागलं आणि २०२१ मध्ये परत मध्य प्रदेशात धाडावं लागलं. पोरगी तीच, राज्य बदललं. पन्नात वनखातं गावोगाव फिरलं होतं, येणाऱ्या वाघांमागे चोवीस तास माणसं होती. सातकोसियात गावं राजी नव्हती. खेळाडू पाहून हे दोन्ही निकाल कोणालाही आधी सांगता आले नसते. रान आणि गावं पाहून कदाचित आले असते.

यावर आपल्यापैकी जे चंद्रपूरकर आहेत ते म्हणतील, निवडीचं राहू द्या, आमची पोरं बाहेर जातातच का? ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात नेल्या, २०२४ च्या अखेरीस जमुना आणि झीनत ओडिशातल्या सिमिलिपालला गेल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये चंदा थेट सह्याद्रीत जाऊन नव्या नावाने ‘तारा’ झाली. कोळसा इथला, वीज इथली, आता वाघही इथलेच न्यायचे काय? या रागात तथ्य आहे, आणि कोळशाच्या बाबतीत तर मी आपल्या बाजूने सहीही करीन. पण वाघाच्या बाबतीत अमेरिकन रिवाजच शहाणा: तळाच्या संघाला पहिली निवड. सह्याद्रीत दक्षिणेकडून स्वतःच्या पायांनी आलेले तीन नर होते, त्यांना जोडीला मादी नव्हती. सिमिलिपालमध्ये पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, काळे भासणारे वाघ दिसतात म्हणून लोक तिकडे कॅमेरे घेऊन धावतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की एका जनुकातल्या बदलाने तो रंग येतो, आणि इतक्या जास्त प्रमाणात तो तिथेच दिसतो कारण मूठभर वाघ बाहेरच्या रक्ताविना आपसांतच वाढले. जे आपल्याला देखणं वाटतं ते तिथल्या रानाचं दुखणं आहे. तिथे ताडोब्याची मुलगी गेली तर तिचं मोल मोठं आहे. इथे राहून तिला काय मिळालं असतं? ताडोब्यात मुली बहुधा आईच्या शेजारीच रान मागतात. तेलियाच्या चार बहिणींवर तर चित्रपट निघाला. पण शेजारचं रान आता प्रत्येक वेळी रिकामं नसतं.

झीनतचा दाखला देऊन कोणी म्हणेल की हा सारा खटाटोपच फसवा आहे. झीनत सिमिलिपालमधून निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात शिरली आणि तीन आठवडे फिरून २९ डिसेंबर २०२४ रोजी बांकुड्यात बेशुद्ध करून पकडली गेली. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा सरळ अर्थ असा की चार पायांचा खेळाडू करारावर सही करत नाही. पण टी-३ चं उदाहरण वर दिलं आहे. भटकणं म्हणजे अपयश नव्हे, ती त्या वयाची रीतच आहे. दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते म्हणतात, न्या की सगळेच, इथली माणसं तरी वाचतील. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या; तिथे उभं राहून कोणाला व्याघ्रप्रेम शिकवायची माझी छाती नाही. मात्र सह्याद्रीसाठी केंद्राने मंजूर केलेली संख्या आठ आहे, आणि एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघ दोनशेच्या घरात. आठ वाघ नेऊन सिंदेवाहीचा प्रश्न सुटणार नाही. तिथली पोरं पायीच बाहेर पडणार, आणि ती कुठून कशी बाहेर पडतात हाच मुद्दा आहे.

कारण खरी निवड त्या वाटेवर होते. टिपेश्वरचा टी-१ सी-१, ज्याला जगाने ‘वॉकर’ म्हटलं, २०१९ मध्ये निघाला आणि तीन हजारांवर किलोमीटर चालून ज्ञानगंगेत स्थिरावला. ब्रह्मपुरीचा एक वाघ चार राज्यांतून चालत ओडिशात सापडला. हे उत्तीर्ण झालेले. नापासांची यादी गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर सापडेल. २०१८ च्या नोव्हेंबरात तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. ती यादी डुकरांपासून धान राखायला लावलेल्या जिवंत तारेवर सापडेल. जय इतका नावाजलेला, आणि त्याचा मुलगा श्रीनिवास अशाच करंटने गेला. खुद्द जय गळ्यात पट्टा असताना एप्रिल २०१६ पासून जो दिसेनासा झाला तो झालाच. आणि ती यादी गोसीखुर्दच्या कालव्यात सापडेल. हा कालवा एकदा जवळून पाहावा. दोन्ही काठांना सिमेंटचा गुळगुळीत उतार, पाणी वाहतं, नख रोवायला फट नाही, चढायला पायरी नाही. चितळ पडलं तर बाहेर येत नाही. तरुण वाघ काठाकाठाने फिरून माघारी वळतो, आणि माघारी त्याचा बाप किंवा दुसरा कोणी दांडगा नर बसलेला असतो. उरतो तो शेताचा बांध, नाल्यातली झुडपं, गावाची शीव. तिथे दिसला की तो ‘समस्याग्रस्त’. पंजाची जाडी किंवा वाघडोहचं रक्त इथे कोणी विचारत नाही.

आपल्या वतीने एक मोठा मुद्दा मांडणं मात्र न्याय्य आहे. आपण आहात म्हणून मोहर्लीत घरटी कोणी गाईड आहे, कोणी जिप्सी चालवतो, कोणाची खानावळ चालते, आणि इथल्या बाया गाईडचा खाकी शर्ट घालून कमावतात. आपण काढलेल्या फोटोंतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात. जय नाहीसा झाला तेव्हा आरडाओरडा कोणी केला? आपणच. अभ्यासकांच्या अहवालाला जे जमत नाही ते आपल्या आवडत्या वाघाच्या नावाने होतं, वर्तमानपत्रांना पहिलं पान आठवतं. म्हणून तर हे पत्र आपल्याला लिहिलं. ज्यांना काही फरक पडत नाही त्यांना कोण लिहितं? तक्रार एवढीच की हे सारं बळ गेटच्या आतल्या दहा-पंधरा नावांवर खर्च होतं, आणि सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या बिननावाच्या पोरांसाठी आपल्यातलं कोणी ओरडत नाही.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तीन विषय घ्यावेत: गोसीखुर्दच्या कालव्यावर जनावरांना ओलांडायला पूल कुठे कुठे हवेत, गोंदिया मार्गावर जंगलातून जाताना रात्री गाड्यांचा वेग किती असावा, आणि जिवंत तार सोडून सौर कुंपण घेणाऱ्या शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळतात का. ठराव करून पाटबंधारे खात्याला, रेल्वेला आणि मंत्रालयाला पाठवावेत, प्रत चंद्रपूरच्या लोकप्रतिनिधींना. सह्या करताना पत्ते नीट लिहा. आपल्यातले बरेच जण मुंबई-पुण्याचे आहेत, आणि तिथून गेलेल्या पत्राला सिंदेवाहीहून गेलेल्या पत्रापेक्षा उत्तर लवकर येतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समितीबाहेरचा एक मतदार